झाडीतल्या शिकारीसाठी आखूड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: निवडण्यापासून झीरो करेपर्यंत

आधीच क्लिअर करतो, हा लेख न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि तिथे ती बंदच बरी. इथलं गणित वेगळं आहे. ह्या बेटांवर जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, बाकी हरणं, रानबकऱ्या, डुकरं, पॉसम हे सगळं माणसांनी जहाजातून आणून सोडलेलं. अगदी आपल्या हिमालयातला थार, म्हणजे डोंगरी रानबकरा, तोसुद्धा १९०४ साली माउंट कुकजवळ सोडला होता, आणि सांबर आजही बे ऑफ प्लेंटीच्या बाजूला सापडतं. खाणारा वाघ-बिबट्या कोणी नाही म्हटल्यावर जंगलाची कोवळी रोपं ही जनावरं साफ करतात, त्यामुळे डॉक, म्हणजे इथलं संवर्धन खातं, बहुतेक सरकारी जंगलांसाठी शिकारीचं परमिट ऑनलाइन आणि फुकट देतं.

आता ट्रॅम्पिंगला, म्हणजे जंगल-डोंगरातल्या पायपिटीला जाणारे आपले बरेच लोक दोन-तीन वर्षांत हळूहळू इकडे वळतात आणि मग पहिला प्रश्न येतो, रायफल कोणती घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी झाडी बघा, मग रायफल. रुआहिने, तारारुआ, कायमानावा ह्या रांगांमधल्या बुशमध्ये हरिण दिसतं ते ३० ते ८० मीटरवर, आणि तेही अर्धवट, कुठेतरी एक कान, कुठेतरी मांडी. तिथे ११० सेंटीमीटर लांबीची रायफल घेऊन सप्लजॅकच्या वेलींमधून वाकून जाताना नळी दर दहा पावलांनी कशात तरी अडकते. म्हणून आखूड हवी. पण आखूड किती हे दुकानातल्या लेबलवर वाचायचं नाही, सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करणारी नळीच्या तोंडाला लावायची नळकांडी, तो लावून मोजायचं. बाकी सगळं ह्या एका गोष्टीवरून मागे मागे येत ठरतं.

लायसन्स आणि तिजोरी

ह्यावर जास्त लिहीत नाही कारण सगळी माहिती ते तारी पुरेके, म्हणजे फायरआर्म्स सेफ्टी अथॉरिटीच्या साइटवर आहे. वय १६ पूर्ण पाहिजे, सेफ्टीची थिअरी आणि प्रॅक्टिकल होतं, ओळखीच्या लोकांशी आणि घरच्यांशी बोलतात, घरी येऊन तिजोरी बघतात. तिजोरी आधी घ्या, रायफल नंतर. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की बसवलेली असावी आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारा, भिंतीत भोकं पाडावी लागतात. जून २०२३ पासून रजिस्ट्री चालू आहे, त्यामुळे रायफल घेतली की तिची नोंद करायची आणि पुढे कधी विकली तरी नोंद बदलायची.

एक आकडा मात्र आखूड रायफलवाल्यांनी पाठच करावा, ७६२ मिलिमीटर. ह्याहून कमी एकूण लांबीचं हत्यार इथल्या कायद्यात पिस्तूल धरतात आणि त्याचे नियम पूर्ण वेगळे, फार कडक. साध्या स्टॉकची (स्टॉक म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता) १६ इंची नळीवाली रायफल ह्याच्या बऱ्यापैकी वर राहते, पण घडी होणारा स्टॉक लावायचा विचार असेल तर आधी अथॉरिटीला विचारून घ्या, दुकानदाराच्या 'चलता है' वर जाऊ नका.

काडतूस कोणतं

इथे लोक रात्ररात्र वाद घालतात. झाडीपुरतं बोलायचं तर शॉर्ट अ‍ॅक्शनमधलं काहीतरी घ्या (अ‍ॅक्शन म्हणजे बोल्ट, हाताने मागे-पुढे करायचा दांडा, आणि त्याच्याभोवतीचा सांगाडा), म्हणजे .३०८ विंचेस्टर, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, .२४३ ह्यांच्यापैकी. ही चारही एकाच घराण्यासारखी, केस साधारण सारख्या लांबीची, त्यामुळे बोल्ट आखूड फिरतो आणि रायफलही थोडी आटोपशीर होते. मॅग्नमच्या नादी लागू नका. मॅग्नममध्ये बारूद जास्त असते आणि ती नीट जळायला लांब नळी लागते, १६ इंचात निम्मा फायदा जाळ आणि आवाज होऊन बाहेर पडतो.

.३०८ चं मला आवडतं ते हे की नळी कापली तरी ते फार कुरकुर करत नाही. दर इंचाला साधारण २० ते २५ फूट प्रति सेकंद एवढाच वेग जातो. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फॅक्टरी गोळी डब्यावर २८२० लिहिलेली असते, ती २४ इंची टेस्ट नळीतली, आपल्या १६ इंचीतून ती २६०० च्या आसपास निघते. साध्या शिशाच्या सॉफ्ट पॉइंट गोळ्या नीट उमलायला १८०० च्या आसपास वेग लागतो असं धरतात, म्हणजे झाडीतल्या अंतरावर भरपूर शिल्लक आहे. पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना थोडा जास्त वेग लागतो, त्या वापरायच्या असतील तर हलकं वजन घ्या.

धक्का सहन होत नसेल, किंवा बायको किंवा मुलगीही तीच रायफल वापरणार असेल, तर ७ एमएम-०८. धक्का .३०८ पेक्षा जरा मऊ आणि लाल हरणाला व्यवस्थित पुरतं. .२४३ सुद्धा चालतं पण गोळी नीट निवडावी लागते आणि जागेवरच मारावी लागते. .२२३ ने इथे खूप लोक हरणं मारतात, मारू देत, नवशिक्याला मी ते सुचवणार नाही. आणि एक साधी गोष्ट, तुमच्या गावातल्या दुकानात त्या काडतुसाचे किमान दोन-तीन प्रकार कायम मिळतात का ते बघून या. ऑनलाइन कौतुक झालेलं काडतूस हॅमिल्टनच्या शेल्फवर नसेल तर उपयोग काय.

दुकानात काय बघायचं

रायफल हातात घ्यायच्या आधी बोल्ट उघडून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत ते स्वतः बघा, विक्रेत्याने बघितलं असलं तरी. नळी कोणाकडे रोखायची नाही. हे नाही केलं तर काउंटरमागचा माणूस तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ते बघण्यासारखं असतं.

पहिली तपासणी स्टॉकच्या लांबीची, म्हणजे ट्रिगरपासून मागच्या रबरी पॅडपर्यंतचं अंतर. ह्याला लेंथ ऑफ पुल म्हणतात. नेहमीच्या रायफलीत हे साडेतेरा ते चौदा इंच असतं, सहा फुटी गोऱ्या माणसाच्या मापाचं. आपल्यातल्या पाच फूट चार-पाच इंचवाल्यांना आणि बहुतेक बायकांना ते लांब पडतं आणि मग मान पुढे ताणून स्कोपमध्ये बघावं लागतं. कोपर काटकोनात वाकवून पॅड कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. ही चाचणी ढोबळ आहे, खरी चाचणी म्हणजे जाड जॅकेट घालून रायफल झटकन खांद्याला लावायची, पॅड काखेत अडकला तर स्टॉक लांब आहे. म्हणून दुकानात जाताना भर उन्हाळ्यातसुद्धा शिकारीचं जॅकेट घेऊन जा, लोक हसले तर हसू देत.

कॉम्पॅक्ट नावाने मिळणाऱ्या मॉडेलांमध्ये हे अंतर साडेबारा इंचाच्या आसपास असतं. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, सॅव्हेज अ‍ॅक्सिस कॉम्पॅक्ट ही त्यातली स्वस्तातली, टिक्का टी३एक्स कॉम्पॅक्ट महाग पण तिला स्पेसर घालून पुढे लांबी वाढवता येते, वाढत्या वयाच्या पोरांसाठी हे सोयीचं. होवा मिनी अ‍ॅक्शन फार गोंडस आहे पण ती .२२३, ६.५ ग्रेंडल, ७.६२x३९ असल्या छोट्या काडतुसांसाठी, .३०८ त्यात मावत नाही, हे न बघता तिच्या प्रेमात पडू नका.

मग बोल्ट. रायफल खांद्याला तशीच ठेवून बोल्ट वर, मागे, पुढे, खाली करा. डोकं न हलवता झालं पाहिजे. टिक्काचा बोल्ट ७० अंशातच उघडतो त्यामुळे हाताची मूठ स्कोपला घासत नाही, ९० अंशवाल्यांत ते बघून घ्यावं लागतं. डावखुरे असाल तर सरळ डावखुरी रायफल मागवा, पर्याय कमी मिळतील पण आयुष्यभर वरून हात घालून बोल्ट ओढण्यापेक्षा बरं. सेफ्टी लावून-काढून किती आवाज होतो तेही ऐका, शांत झाडीत एक टक् पुरेसं असतं.

नंतर नळी आणि स्टॉकमधली फट. कागदाची पट्टी दुमडून नळीखालून पुढून मागे सरकवायची, अ‍ॅक्शनपर्यंत अडथळा न येता गेली पाहिजे. स्वस्त प्लास्टिक स्टॉक पुढच्या टोकाला दाबले की नळीला टेकतात, म्हणून मोकळं ठेवून आणि हाताने जरा दाबून असं दोन्ही करून बघा. आणि रंगरूपापेक्षा स्टेनलेस स्टील आणि सिंथेटिक स्टॉक घ्या. इथला पाऊस कोकणासारखाच, फक्त थंड, आणि अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक कितीही देखणा असला तरी भिजून फुगला की झीरो, म्हणजे स्कोपची रेष आणि गोळी यांचा जुळवलेला नेम, हलतं.

नळी किती आणि सप्रेसर कसला

न्यूझीलंडमध्ये रायफलला सप्रेसर लावणं कायदेशीर आहे आणि जवळजवळ सगळे लावतात. सिनेमातल्यासारखं 'फुस्स' काही होत नाही. सप्रेसर नसेल तर आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, आणि कानाला कायमची इजा व्हायला १४० चा एक धमाका पुरतो. सप्रेसर त्यातले २० ते ३० डेसिबल खातो. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाते त्याचा कडाका राहतोच. रेंजवर त्यामुळे सप्रेसर असला तरी इअरमफ लावायचे.

आता माप. टिक्का टी३एक्स लाइट घ्या, नळी २२.४ इंच, एकूण लांबी साधारण १०८ सेंटीमीटर. त्याला पुढे १८ सेंटीमीटरचा सप्रेसर लावला की झाली १२६, झाडीत ही काठी घेऊन फिरणं म्हणजे वैताग. हीच नळी गनस्मिथकडून १६ इंचावर कापून घेतली तर रायफल ९२ च्या आसपास येते. सप्रेसर लावल्यावर परत ११०. म्हणजे एवढं सगळं करून आपण जिथे होतो तिथेच! म्हणून ओव्हर-बॅरल प्रकारचा सप्रेसर बघा, त्याचा बराचसा भाग नळीवर मागे सरकून बसतो आणि तोंडाच्या पुढे ८-१० सेंटीमीटरच राहतो. असे सप्रेसर इथेच न्यूझीलंडमध्ये बनतात आणि चांगले बनतात. फक्त तुमच्या स्टॉकचं पुढचं टोक आणि नळीची जाडी त्याला आड येत नाही ना ते रायफल घेऊन जाऊन बघा, फोटोवरून मागवू नका.

नळी कापणं हे घरी करायचं काम अजिबात नाही. कापल्यावर नळीच्या तोंडाची कड, ज्याला क्राउन म्हणतात, ती एकदम समान लागते. तिच्यात केसभर फरक असला तरी गोळी बाहेर पडताना एका बाजूने वायू आधी सुटतो आणि नेम विखुरतो. थ्रेड पण नळीच्या आतल्या भोकाशी सरळ रेषेत हवा, नाहीतर गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना घासते. चांगला गनस्मिथ हे लेथवर करतो आणि शिकारीच्या सीझनआधी त्याच्याकडे रांग असते, म्हणून मार्च-एप्रिलच्या रोअरसाठी, म्हणजे लाल हरणांचे नर ओरडतात त्या माजाच्या काळासाठी, हवी असेल तर डिसेंबरच्या आधी द्या. थ्रेडचं माप लिहून घ्या, ५/८-२४, १/२-२८, १४x१ असे बरेच प्रकार आहेत. हे सगळं नको असेल तर १६ ते २० इंचात थ्रेड केलेल्या तयार रायफली मिळतात, त्या घ्या आणि मोकळे व्हा.

१६ इंचाच्या खाली जायचा मोह होतो. माझ्या मते .३०८ साठी तिथेच थांबावं, त्याखाली वेग आणि आवाज दोन्हीकडून मार बसतो आणि वाचतं ते चार बोटं.

स्कोप

इथे लोक हमखास जास्त झूम घेतात. ४० मीटरवरचं हरिण ६ पटीने बघितलं तर दिसते नुसती तपकिरी लव, कुठला भाग आहे ते कळत नाही. १-६, २-७x३३, फार तर ३-९x४० (आधीचे आकडे झूमचे, x नंतरचा पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास). खालचं टोक महत्त्वाचं, वरचं नाही. झाडीत फिरताना स्कोप कायम सगळ्यात कमी झूमवर ठेवायचा, वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही. पैसे उरले तर काचेवर घाला, संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत फरक कळतो.

आणि स्कोपमधून आजूबाजूला बघत बसायचं नाही. त्यासाठी छातीवर बायनॉक्युलर. स्कोपमधून बघणं म्हणजे समोरच्यावर बंदूक रोखणं, आणि समोर दुसरा शिकारी असू शकतो.

बसवायची पद्धत अशी. बेसचे (रायफलवर बसणारी पट्टी, तिच्यावर रिंगा आणि रिंगांत स्कोप) आणि रायफलचे थ्रेड स्पिरिटने पुसून तेल काढा. बेसचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने साधारण २.३ ते २.८ न्यूटन-मीटर, बरोबर आलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. बेसच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक एक थेंब चालतं, रिंगांच्या स्क्रूला नको, कारण तिथे ओलं स्क्रू जास्त घट्ट होऊन स्कोपची नळी चेपते. खालच्या रिंगांत स्कोप ठेवून वरचे अर्धे भाग नुसते टेकवा, स्कोप हलता राहू दे.

आता जॅकेट घालून उभं राहा, सगळ्यात जास्त झूम लावा, डोळे मिटा, रायफल खांद्याला घ्या, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढे-मागे सरकवा. डोळा ते काच ९ सेंटीमीटरच्या आसपास राहिला पाहिजे, त्याहून जवळ असेल तर धक्क्याने काचेची कड भुवईवर बसते आणि अर्धचंद्राची खूण कायमची राहते, इथे अशी खूण असलेले बरेच भेटतील.

सरळ करण्यासाठी ओळंबा वापरा. गवंड्याचा असेल तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला नट बांधून दहा-बारा मीटरवर दारात टांगा. रायफल लेव्हलवर पक्की ठेवा आणि स्कोपमधली उभी रेष दोऱ्यावर बसेपर्यंत स्कोप फिरवा. मग रिंगांचे स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे करत १.७ ते २ न्यूटन-मीटरपर्यंत. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. घट्ट करताना स्कोप हमखास थोडा फिरतो, परत दोरा बघा. शेवटी मागची डायॉप्टर रिंग: पांढऱ्या भिंतीकडे रोखून एक क्षण बघायचं, रेष लगेच धारदार दिसली पाहिजे, टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता.

रेंजवर

सप्रेसर लावूनच झीरो करायचं. सप्रेसरचं वजन नळीच्या टोकाला लटकतं, त्यामुळे काढल्यावर गोळी दुसरीकडे लागते. आणि जी गोळी जंगलात वापरणार तीच, त्याच डब्यातली.

बोल्ट काढून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, नळीतून २५ मीटरवरचं टार्गेट मधोमध आणा आणि रायफल न हलवता स्कोपची रेष तिथे आणा. मग २५ मीटरवर तीन गोळ्या. वर सांगितलेल्या १६ इंची .३०८ साठी इथे गोळी मध्यापासून साधारण १ सेंटीमीटर खाली लागलेली हवी. कारण स्कोप नळीच्या वर बसलेला असतो आणि गोळी खालून वर येत असते. मग १०० मीटरवर जा आणि तिथे ४ सेंटीमीटर वर लागेल असं लावा. क्लिक म्हणजे स्कोपची चकती एक घर फिरवणं, मिनिट आणि मिल ही कोनाची मापं. पाव मिनिटाचा क्लिक असेल तर १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे ७ मिलिमीटर, ०.१ मिलचा असेल तर १ सेंटीमीटर. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका, तीन मारा, तिघांचा मध्य काढा, मग फिरवा. नळी गरम झाली की थांबा. पातळ नळी आणि वर सप्रेसर, तापलं की त्याच्या वाफेत टार्गेट नाचायला लागतं.

असं लावलं की गोळी ५० मीटरवर २ सेंटीमीटर वर, १६०-१७० च्या आसपास बरोबर मध्ये, आणि २०० ला ६-७ सेंटीमीटर खाली. हरणाचं हृदय-फुफ्फुसाचं क्षेत्र २० सेंटीमीटरच्या पुढे असतं, म्हणजे २०० पर्यंत काही हिशोब न करता मधोमध धरायचं. २०० मीटरवर कागदावर मारून मात्र खात्री करा, हे आकडे वेगवेगळ्या गोळीला थोडे सरकतात.

बेंचवरून छान ग्रुप आला म्हणून खूश होऊन घरी जाऊ नका. जंगलात बेंच नसतो. २० सेंटीमीटरची कागदी प्लेट ५० मीटरवर लावा आणि गुडघ्यावर बसून, झाडाला हात टेकवून, उभ्याने मारा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर, मग रायफल कितीही लांब मारत असू दे.

पहिल्यांदा बाहेर नेताना

मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, बोल्ट बंद. जनावर पूर्ण ओळखल्यावरच गोळी चेंबरमध्ये चढवायची. इथला नियम 'बियॉन्ड ऑल डाउट' असा आहे आणि तो शब्दशः घ्यायचा: रंग नाही, हालचाल नाही, आवाज नाही, रोअरमध्ये तर हरणाचा आवाज काढणारा दुसरा शिकारीच असतो. डोकं, मान, खांदा दिसल्याशिवाय ते हरिण नाही, माणूस आहे असंच धरून चाला. मागे काय आहे तेही बघा. केशरी टोपी आणि जॅकेट तुम्ही घाला आणि जोडीदारालाही घालायला लावा, आणि तो नजरेआड झाला की त्याचा पत्ता लागेपर्यंत नेम धरायचा नाही. निघायच्या आधी डॉकच्या साइटवर त्या भागात विष टाकलंय का ते बघा, टाकलं असेल तर तिथलं मांस घरी आणायचं नाही.

परत आल्यावर सप्रेसर त्याच दिवशी काढा, रात्रभर नळीवर ठेवला तर आतली ओल आणि काजळी मिळून नळीच्या तोंडाला गंज धरते. काढताना तो थंड झालाय ना बघा. उभा ठेवून कोरड्या जागी वाळू दे, थ्रेडला तेलाचं नुसतं बोट लावा. नळीतून एक कोरडी पट्टी, एक तेलाची, परत एक कोरडी. बोल्ट पुसून वेगळा कुलपात. रायफल पडली असेल, किंवा विमानातून आली असेल, तर पुढच्या ट्रिपआधी १०० मीटरवर तीन गोळ्या मारून झीरो जागेवर आहे ना ते बघून घ्या.